मोहफुलांच्या दिवसांतला शास्त्रवर्ग

फाल्गुन सरत आला की चंद्रपूरच्या बाजारात मोहफुलांच्या पहिल्या टोपल्या दिसू लागतात, आणि मी बाजारात जायचं बंद करतो. भाजी मग सून आणते. म्हातारा उन्हाला भितो, असं तिने ठरवून टाकलं आहे आणि मी ते खोडून काढलेलं नाही. पण वास काही बाजारातच बसून राहत नाही. यंदा शेजारच्या वनरक्षकाकडे त्याच्या सासुरवाडीहून ओल्या फुलांचं पोतं आलं, आणि त्याच्या बायकोने अंगणात जुनं लुगडं अंथरून ती फुलं वाळत घातली. सकाळी खिडकी उघडली आणि तो गोड, जड, जरासा आंबूस वास थेट माझ्या खाटेपर्यंत आला. मी खिडकी लावून घेतली. सूनबाई म्हणाली, बाबा, एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावता? मी म्हटलं, डास येतात. सकाळी नऊ वाजता डास येतात असं सांगणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मूळचा नगरकडचा. आमच्या बाजूला बोरं, चिंचा, सीताफळं. मोहाचं झाड मी पंचविशी उलटेपर्यंत पाहिलेलं नव्हतं. मोह आम्हाला ठाऊक होता तो फक्त बाटलीतला. आम्ही ख्रिस्ती; देवळात उभं राहून लहानपणीच शपथ घेतलेली, दारूला शिवणार नाही. आणि आमचे पाळक दारूविरुद्ध बोलायला लागले की ताडी, माडी आणि मोह ही तीन नावं एका दमात घेत. त्यामुळे मोह म्हणजे काहीतरी काळपट, कुबट, चोरून गाळलेलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याला फूल असतं आणि ते मोत्यासारखं पांढुरकं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा हे सगळं त्या एकाच जिल्ह्याच्या पोटात होतं. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. माझं इंग्रजी बरं आहे असं कुणीतरी वरती कळवलं आणि मला चांद्याकडे पाठवायचं ठरलं. आई रडली. नगरच्या माणसाला चांदा म्हणजे काळ्या पाण्याच्या अलीकडचं स्टेशन. मामा म्हणाला, वाघाला इंग्रजी कळत नाही, तेवढं लक्षात ठेव. घरात सगळे हसले, मीही हसलो, आणि ट्रंकेत दोन कोरे सदरे आणि शब्दकोश घालून निघालो.

एरवी तिथल्या शाळेत शिकवायचं, पण मुख्य काम होतं दुभाष्याचं. साहेब सातासमुद्रापलीकडचे. हिवाळाभर ते देशोदेशी फिरत, कुठे तीन आठवडे, कुठे महिनाभर, खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळीच्या सेवकांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत, आणि शेवटचा मुक्काम आमच्याकडे करून मुंबईला बोट धरत. बोटीची तारीख ठरली की वर्गाची तारीख ठरायची. ती दर वर्षी चैत्राच्या तोंडावर यायची. तिथल्या झाडांचा त्या वेळी काय बेत असतो, हे कुणी विचारलं नाही.

साहेब वाईट असते तर हा लेख मी केव्हाच लिहून मोकळा झालो असतो. पण ते चांगले होते. उंच, कृश, उन्हाने नाकाची साल निघालेली. विहिरीवर जाऊन स्वतःची थाळी स्वतः घासत. अकराच्या अकरा विद्यार्थ्यांची नावं त्यांनी पहिल्या दोन दिवसांत पाठ केली, आणि कुणाचं पोट बिघडलं तर त्याच्या उशाशी जाऊन बसत. त्यांच्या देशात त्यांना बागेत बसून आरामात म्हातारं होता आलं असतं. ते आमच्याकडे येऊन सागाच्या पानांच्या मांडवाखाली घामाघूम होत होते, कारण जंगलातल्या सात घरांच्या मंडळीलाही कुणीतरी नीट शिकवलेला माणूस मिळावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आलापल्लीच्या अलीकडे रस्त्यालगत एक जुना बंगला होता, त्याच्या आवारात वर्ग भरे. समोरून दिवसभर सागाच्या ओंडक्यांच्या बैलगाड्या कुरकुरत जात. सेवक दोन-दोन, तीन-तीन दिवस पायी चालत येत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, फडक्यात तांदूळ आणि शास्त्र. त्यातले निम्मे गोंड, बाकीचे शेतकरी, सिरोंच्याकडचे दोघे तेलुगू बोलणारे. दुपारी सगळे आंबील पीत आणि पळसाखाली पडून धडे घोकत. जमिनीवर पळसाची फुलं पडलेली, त्यांच्यावर हे पालथे पडलेले बापे, आणि प्रत्येकाचं बोट ओळीखालून सरकतंय. मला ते दृश्य तेव्हा जरा गमतीचं वाटे. आता वाटत नाही.

लच्छूभाऊ मडावी त्यांच्यातला वयाने मोठा, पंचेचाळिशीचा. त्याच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. आलापल्लीहून आत, पायी दोन मुक्काम, एवढं पुरे. वाचायला शिकला तिशीनंतर, त्यामुळे वाचताना अडखळे; पण एकदा ऐकलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही. आणि सांगायचा अशी की शास्त्रातला गालिलाचा समुद्र प्राणहिता नदीच्या पलीकडच्या वळणावरच आहे असं वाटावं. साहेब त्याच्यावर खूश होते. त्या वर्षी वर्ग पुरा करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ज्याच्यापाशी प्रमाणपत्र, त्याला आपल्या गावात लग्न लावायची, माती द्यायची मुभा मिळणार होती. तोवर पाळक वर्षातून एकदा बैलगाडीने येत. मधल्या काळात जो मरे त्याला प्रार्थनेवाचूनच पुरत. लच्छूभाऊचा धाकटा भाऊ तसाच गेला होता. म्हणून तो कागद त्याला हवा होता.

एक दिवस साहेबांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली. शंभर मेंढरं, एक हरवलं, मेंढपाळ नव्व्याण्णवांना रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला. साहेबांचे डोळे पाणावले, मीही मराठी करताना आवाज जरा हलवला. लच्छूभाऊने हात वर केला.

"मास्तर, त्या बाकीच्यायपाशी कोन होतं?"

मी म्हटलं, गोष्टीत तसं काही नाही.

"रानात सोडून गेला म्हनता. मंग बिबट काय उपाशी बसून राह्यला का?"

मांडव हसला. मी साहेबांना सांगितलं, उरलेल्या मेंढरांचं काय झालं असं हा विचारतो आहे. साहेब म्हणाले, ती सुखरूप होती, तू काळजी करू नकोस. लच्छूभाऊ खाली बसला, पण शेजाऱ्याला हळूच म्हणाला ते मला ऐकू आलं, की साहेबाच्या गावाले बिबट नसन. तेव्हा मला हा त्याचा भाबडेपणा वाटला. मी तो साहेबांना सांगितलासुद्धा नाही.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही. मला माझ्या इंग्रजीचा गर्व होता. सेवक बोलत ती झाडीतली बोली, मध्येच गोंडी शब्द, मध्येच हिंदी. एकाच गोष्टीला तीन फेरे घालून ते मुद्द्यावर येत. मी ते सगळं पाखडून, निवडून दोन स्वच्छ वाक्यं साहेबांपुढे ठेवी. साहेब म्हणत, ह्या मास्तरला पाल्हाळ ठाऊकच नाही. हे ऐकलं की मी दिवसभर फुगून फिरे. लोकांचं बोलणं आखूड करणं हीच हुशारी आहे, असं मी धरून चाललो होतो, आणि कोंड्याबरोबर दाणेही उडून जातात हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्या वर्षी मोह लवकर पडायला लागला. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे मी तोंड धुवायला बाहेर आलो, तर अकराच्या अकरा जण आवाराच्या कडेला उभे. कुंपणापलीकडच्या पर्णहीन झाडावरून टप, टप, काहीतरी पडत होतं. उजाडलं तशी झाडाखालची जमीन पांढरी दिसू लागली. एकाने वाकून फूल उचललं, तोंडात टाकलं, आणि सगळे एकमेकांकडे पाहून हसले. पण ते हसणं सुखाचं नव्हतं. त्या दिवसापासून वर्गात कुणाचंच मन लागेना. विचारलं तर सांगायचे, घरी मोह पडून राह्यला.

मी नाक मुरडलं. सेवक म्हणवता आणि मोहाची आठवण काढता, असं मी एकाला बोललोही. तो उठून विहिरीकडे गेला. त्याने मला समजावलं असतं तर बरं झालं असतं. ओली फुलं उकडून खातात, वाळवून पावसाळ्यासाठी कणगीत भरतात, भात संपला की श्रावण-भादव्यात मुलांच्या पोटात तेच जातं, हे मला पुढे कळलं. पंधरा दिवसांत जेवढं वेचाल तेवढं वर्षाला. हे सगळं मला त्या उन्हाळ्यातच कळलं, पण उशिरा.

तिसरा आठवडा लागायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वर्गानंतर लच्छूभाऊ व्हरांड्यात आला. साहेब खुर्चीवर बसून पाय पाण्यात घालून होते. उन्हाने त्यांचं डोकं धरलं होतं. लच्छूभाऊ खांबाला टेकून उभा राहिला आणि साहेबांकडे बघत, पण मला उद्देशून बोलू लागला. बराच वेळ बोलला. त्याचे शब्द मला आज जसेच्या तसे आठवतात.

"मास्तर, साहेबाले सांगा, मले पाच रोजाची सुट्टी पायजे, जान्यायेन्याचे रोज येगळे. मोह पडून राह्यला. आमचं झाड गावापासून लांब हाय, नाल्याच्या पल्याड. अंधारातच जा लागते, नाई तं ढोरं खाऊन टाकते. अन् अस्वल येते मोहावर. म्हनून एकटं कोनी जात नाई. एकानं येचाचं, एकानं टिन वाजवाचं अन् जाळ धराचा. दर सालाले मी टिन वाजवतो अन् घरवाली राजो येचते. औंदा राजो एकटी हाय. पोरगी सा वर्साची, तिले नेता येत नाई. राजो काई माझी वाट पायनार नाई, ते जाईनच. मी येचून देतो अन् वापस येतो. जेवढे धडे जाईन तेवढे मी रातचा दिवस करून पुरे करीन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्याला मोहाची फुलं वेचायला पाच दिवस घरी जायचं आहे.

साहेबांनी विचारलं, मोह म्हणजे ज्याची हे लोक दारू गाळतात तेच ना?

मी म्हटलं, हो.

खोटं काहीच नव्हतं. दारू गाळतातच. त्या "हो"च्या पुढे मला चार वाक्यं बोलायची होती, ती माझ्या तोंडाशी होती असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. तशी ती नव्हती. ऊन फार होतं, मला जेवायचं होतं, आणि आमचे सेवक असल्या फुलांसाठी शास्त्र सोडून पळतात याची मला साहेबांपुढे लाज वाटत होती. अस्वलाचं मला खरंही वाटलं नव्हतं. सुट्टी मागताना माणूस अस्वल काय, वाघही आणतो, असा शाळामास्तराचा अनुभव.

साहेब रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. ते लच्छूभाऊला अगदी प्रेमाने म्हणाले, की नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये, आणि मध्येच गेलास तर नियमाप्रमाणे तुला प्रमाणपत्र देता येणार नाही. हे मात्र मी अक्षर न् अक्षर मराठी केलं. लच्छूभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, बरं. आणि पळसाखाली जाऊन बसला.

उरलेले दिवस त्याने असा अभ्यास केला की साहेब थक्क झाले. परीक्षेत पहिला आला. शेवटच्या दिवशी साहेबांनी प्रत्येकाचा हात हातात घेऊन कागद दिला, फोटो काढला. लच्छूभाऊने कागद फडक्यात गुंडाळला, साहेबांच्या आणि माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला वरच्या वर धरलं. जेवणाला थांबा म्हटलं तर थांबला नाही. ऊन चढायच्या आत निघाला. साहेब दुसऱ्या दिवशी बोटीसाठी रवाना झाले.

बंगल्याला कुलूप घालायला मी मागे राहिलो होतो. साहेब गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वनखात्याच्या नाक्यावरचा माणूस सांगत आला, की तुमच्या त्या लच्छू मडावीच्या बाईले अस्वलानं धरलं. पाच-सहा दिवसांपूर्वीची गोष्ट म्हणे. दिवस उजाडायच्या आधी झाडाखाली वाकून वेचत होती, पाठीमागून आलं. तिच्या ओरडण्याने गावातले धावले तोवर चेहऱ्याची एक बाजू उरली नव्हती. जीव मात्र होता. नवऱ्याला निरोप सांगायला निघालेला माणूस त्याला अर्ध्या वाटेत भेटला.

मी ओंडक्यांच्या गाडीवर बसून आलापल्लीपर्यंत आणि पुढे वाटाड्या घेऊन पायी गेलो. दोन दिवस चाललो. सगळ्या वाटेवर मोह पडलेला. जिथे तिथे बायका आणि बापे जोडीने वेचत होते, एक वाकलेला, एक उभा. प्रत्येक झाडाखाली दोघं. वाटाड्याला मी विचारलं, हे नेहमी असेच दोघं दोघं असतात का? तो म्हणाला, मास्तर, एकट्यानं मोह कोन येचते?

पोचलो तेव्हा ती गेली होती. नवरा आल्यावर चार रात्री राहिली आणि त्याच पहाटे गेली. बोलता येत नव्हतं, पण त्याचा हात धरून होती, असं शेजारणीने सांगितलं. गावचे लोक म्हणत होते, वाडवडिलांना ठेवलं तिथे, मोठ्या मोहाखाली ठेवू. लच्छूभाऊ म्हणाला, नाई, आमाले तसं शिकवलं नाई. म्हणून नाल्याच्या काठी उघड्या माळावर खड्डा खणला होता. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, बरं झालं, तुमी आले. मला वाटलं तो मला माती द्यायला सांगेल. पण त्याने फडक्यातून प्रमाणपत्र काढलं, माझ्यापुढे धरलं, आणि विचारलं, ह्याच्यानं आता मले चालते ना? मी मान हलवली. मग त्याने शास्त्र उघडलं आणि ओळीखालून बोट फिरवत, अडखळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. मंगली, त्याची सहा वर्षांची पोर, त्याच्या धोतराचा सोगा धरून उभी होती. त्या कागदाचा तो पहिला उपयोग.

सगळे परतले तसे आम्ही दोघंच मागे राहिलो. नाला कोरडा होता. तो दगडावर बसला, मला शेजारी बसवलं, आणि म्हणाला, "मास्तर, एक विचारू का? राजो एकटी हाय, हे तुमी साहेबाले सांगतलं होतं ना?"

त्याचा आवाज अगदी साधा होता. गावाला पाणी कुठून येतं असं विचारावं तसा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सांगितलं," मी म्हटलं.

तो म्हणाला, बरं. आणि उठला.

माणूस खोटं का बोलतो यावर मी पुढे शाळेत पोरांपुढे पुष्कळ बोललो आहे. भीतीने, लोभाने, लाजेने. त्या दिवशी मी स्वतःशी म्हटलं, की दयेने बोललो. त्याला दुःख कमी नाही, त्यात आणखी भर कशाला? हे कारण इतकं छान होतं की ते मला बरीच वर्षं पुरलं. पाणी हलायचं थांबलं की मगच तळ दिसतो.

साहेबांचं पत्र आलं. आपल्या देशात त्यांनी लच्छूभाऊचा फोटो दाखवून त्याच्या निष्ठेची गोष्ट सांगितली होती. घरची ओढ असून हा माणूस वर्ग सोडून गेला नाही, असं ऐकून लोकांना गहिवरून आलं म्हणे. त्याची खुशाली कळवा, असं लिहिलं होतं. मी बायको वारल्याचं कळवलं. कशाने ते लिहिलं नाही. ते पत्रही मी असंच थोडक्यात लिहिलं.

एक गोष्ट मात्र मी केली. वर्गाची तारीख बदलावी म्हणून वर लिहीत राहिलो, आणि दोन वर्षांनी वर्ग धान कापून झाल्यावर, पौषात भरू लागला. साहेबांनी त्यासाठी बोट बदलली. एवढं सोपं होतं ते. आणि दुभाषेपण करताना मी आता कुणाचा एक शब्दही गाळीनासा झालो. कुणी बैलाच्या दुखऱ्या खुराची गोष्ट सांगितली तर ती खुरासकट साहेबांपर्यंत जाई. साहेब घड्याळ बघत आणि एकदा मला म्हणाले, मास्तर, तुमचं काम पूर्वी किती चोख होतं. मी म्हटलं, हो साहेब. कारण त्यांना सांगितलं नाही.

लच्छूभाऊ त्यानंतर वर्गाला आला नाही. गावात मंडळी चालवत होता, माती देत होता, लग्नं लावत होता, असं कळे. तिसऱ्या वर्षी, मोह पडायच्या दिवसांत, मी न कळवता त्याच्या गावी गेलो. पहाटे पोचलो तर तो झाडाखाली होता. मंगली नऊ वर्षांची झालेली. ती वेचत होती आणि तो टिन वाजवत, जाळात पाचोळा टाकत तिच्याभोवती फिरत होता. मला पाहून त्याने बस म्हणून खूण केली, पण टिन थांबवलं नाही. पोरीची टोपली भरेपर्यंत मी दगडावर बसून राहिलो. उजाडलं, ती टोपली घेऊन पुढे गेली, तेव्हा तो माझ्याजवळ आला.

मी सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हटलं, काय म्हटलं नाही. आणि मग नाल्याकाठी खोटं बोललो तेही. मला वाटत होतं, तो कोसळेल किंवा मला मारेल. दोन्हीला माझी तयारी होती.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "तवाच मालूम होतं. मी तितका येळ बोललो, तुमी दोन शबद बोलले. अन् इंग्रजी मले येत नाई, पन राजोचं नाव तं कोन्त्याबी बोलीत राजोच राह्यते. मी कान देऊन ऐकत होतो. ते तुमच्या तोंडून आलंच नाई."

मी विचारलं, मग लच्छूभाऊ, मातीच्या दिवशी मला विचारलं कशाला?

तो हातातल्या काठीने राख सारखी करत राहिला.

"तुमी नाई म्हनान म्हनून," तो म्हणाला. "तुमी नाई म्हनले असते तं मी रागावलो असतो, बोंबललो असतो, अन् मंग तुमाले माफ केलं असतं. मी तयारी करूनच बसलो होतो, मास्तर. तिले ठेवून आलो होतो, त्या रोजी माझ्याजवळ तेवढंच होतं द्याले. तुमी हो म्हनले. मंग ते मी कोनाले देऊ?"

"आता द्या," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

त्याने मान हलवली. रागाने नव्हे, एखादी वस्तू घरात शोधून न सापडल्यावर हलवतात तशी. "आता जमून नाई राह्यलं. मी लोकायले सांगतो, माफ करा, माफ करा. माझंच जमत नाई. रोज मांगतो मी देवाले. ज्या रोजी जमन, त्या रोजी तुमाले निरोप पाठवीन." मग त्याने मला घरी नेलं, मंगलीच्या हातची उकडलेली फुलं खायला घातली, आणि वाटेला लावायला वेशीपर्यंत आला.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. त्याच्या बाजूचं कुणी चांद्याला आलं, की मी शाळेतून उठून त्याला गाठी आणि लच्छूभाऊ कसे आहेत विचारी. बरे हायत, म्हणायचे. आणखी काही म्हणाले का? नाई. एका चैत्रात मंगलीच्या सासरचा माणूस दारात आला. लच्छूभाऊ गेले, तुमाले कळवा म्हणून मंगलीनं सांगतलं, असं म्हणाला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला. त्याने सांगितला. मी म्हटलं, परत सांग, काही राहिलं असेल. तो बिचारा आठवून आठवून तिसऱ्यांदा बोलला, एक शब्द न गाळता. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं.